तळ्यात ओतलेला लोटा

लोणारच्या स्टँडवर जालन्याची बस लागली, तेव्हा मायनं आधी पाटी वाचली. मग ड्रायव्हरला विचारलं, मग कंडक्टरला. तरी समाधान होईना, म्हणून आत बसलेल्या एका म्हाताऱ्याला खिडकीतून विचारलं, "तुमी कुठी चालले?" तो म्हणाला, "जालन्याले." तेव्हा कुठं माझी बॅग वर चढली. "पाटी तं कोनीबी लावते," माय मला म्हणाली, "बसलेल्या मानसाले खरंच जाचं असते."

जालन्याहून मला हैदराबादची रेल्वे धरायची होती. कृषी पदवी घेऊन मी घरी बसले होते आणि तिकडच्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. बाबा सकाळपासून स्टँडवर भेटेल त्याला ही बातमी देत होते. पेपरवाल्याला, रसवंतीवाल्याला, ज्यांना आमचं नावही माहीत नाही अशा दोन बायकांनासुद्धा. माय त्यांना डोळ्यांनी दाबत होती. आपली पोरगी एकटी कुठं चालली, हे चारचौघांत ओरडून सांगायची काय गरज?

निघताना इतरांच्या आया काय सांगतात, मला ठाऊक नाही. माझ्या मायनं सांगितलं, "कोनी पानी देलं तं पयले त्याले पिऊ देजो, मंग तू पेजो." आणि बस हलल्यावर सोबत चार पावलं चालत म्हणाली, "लय गोड बोलनाऱ्याजवळ बसू नोको." ती रडली नाही. माझ्या खिडकीची काच नीट बसते की नाही, ते बघत राहिली. रडले मी, पार सिंदखेडराजा येईपर्यंत, आणि शेजारच्या बाईंनी पाणी पुढं केलं तेव्हा मी चक्क नको म्हणाले.

हे मी तुम्हां सगळ्यांसाठी लिहिते आहे. तुम्ही जे लोणारात, बीबीत, मेहकरला राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे पुणे, सुरत, हैदराबाद, दुबई करत पांगलात. तुमच्यातल्या पुष्कळांनी गाव सोडताना गोड आठवणी सोबत नेल्या असतील. मी संशय नेला. तो अजून टिकून आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा फार उपयोग झाला आहे.

आमचं घर लोणारात, आणि शेत गावाबाहेर, विवराच्या काठाला लागून. ज्यांनी ते तळं पाहिलेलं नाही त्यांना एवढंच सांगते की सपाट रानातून तुम्ही चालत असता, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर, बांध, बोरी, आणि एकदम पुढची जमीनच संपते. खाली भलाथोरला गोल खड्डा, उतारावर सीताफळं, बाभळी, साग, आणि तळाशी हिरवं पाणी. वरून देखणं. खाली उतरलं की वास येतो, चिखलात पाय रुततो, पाणी हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं आणि त्यात मासा नाही. काठावर जुनी देवळं, मोरांचा ओरडा. आणि सगळ्यांत गंमत म्हणजे, ह्या खाऱ्या तळ्याच्या वरच्याच अंगाला गोड्या पाण्याची धार बारा महिने वाहते.

बाबा हेच तळं पर्यटकांना दाखवायचे. त्यांच्याकडं ओळखपत्र नव्हतं, पण पांढरी टोपी आणि खणखणीत आवाज होता. देवदर्शनाला आलेल्यांना ते लवणासुराची गोष्ट सांगायचे: दैत्य इथंच मेला, त्याचं रक्त म्हणजे हे पाणी आणि मांस म्हणजे हे मीठ. शाळेची सहल आली की आकाशातून पडलेल्या उल्केची गोष्ट. नवीन लग्न झालेलं जोडपं आलं की चंद्राचा तुकडा पडला म्हणून सांगायचे, ते तर त्यांनी मनानंच रचलेलं होतं. तिन्ही गोष्टी ते सारख्याच मनापासून सांगत, कारण सांगेपर्यंत त्यांचा तिन्हींवर विश्वास बसलेला असे.

मायचा एकीवरही नव्हता. "दगड पडला म्हन्ते, मंग दगड कुठी गेला?" ती विचारायची.

"अवं, फुटला. जळला."

"पाह्यला कोनं?"

बाबा नुसते हसत. तळ्यावर बाटल्या घेऊन पाणी न्यायला जी माणसं यायची, परदेशीसुद्धा, ती हळूहळू दगड नेत असावीत असा मायचा अंदाज होता. इतक्या लांबून कोणी नुसतं पाणी न्यायला येतं का? लहानपणी मला हे पटायचं. पुढं कॉलेजात मला उल्का, स्फोट, काळा पाषाण सगळं नीट समजलं, तरी परीक्षेत उत्तर लिहिताना डोक्याच्या मागच्या बाजूला मायचा आवाज यायचाच.

शेत मात्र मायचं. बाबा तिथं गडी म्हणून असत आणि त्यांना ते मान्य होतं. पेरणीच्या आधी अंगणात सरकीचा ढीग पडायचा. माय त्यावर शेणाचा पातळ काला आणि राख टाकून हातांनी चोळायची, म्हणजे कापसाची उरलेली लव चिकटून बसते आणि दाणा दाण्यापासून सुटा होतो. मग ती एक दाणा दाताखाली फोडायची. आत हिरवट पिवळा, तेलकट निघाला तर मान हलवायची. ती तिची तपासणी. घरचं बी, घरचं शेण, स्वतःचे दात. ह्यात फसवायला कोणी बाहेरचं नव्हतं.

मग बीटी आलं, बोंडअळीला स्वतःच मारणाऱ्या कपाशीचं बी. खोक्यातलं बी, रंग लावलेलं, चोळायचं काम नाही. दाणा फोडून बघावा म्हटलं तर दुकानदार म्हणाला, तोंडात घालू नका, वर औषध आहे. बस, तिथंच मायचं डोकं फिरलं. "जे बी चाखू देत नाही, त्याच्या पोटात काही तरी हाय." पण गावात सगळ्यांनी तेच पेरलं. जुनी सरकी मागून मिळेना. शेवटी तिनंही पेरलं, आणि पीक आलं, चांगलं आलं. बाबा खूश. माय बांधावर उभी राहून त्या बोंडांकडं अशी बघत होती, जशी ती गोड बोलणाऱ्या सोयऱ्याकडं बघते. "जे झाड अळीले मारते," ती म्हणाली, "ते बकरीले सोडन काय?" आमची बकरी तिनं त्या वर्षी पऱ्हाटीत शिरू दिली नाही.

त्याच सुमाराला मी हैदराबादला निघाले. म्हणजे ज्यांच्या खोक्यांवर मायचा विश्वास नव्हता, तसलीच खोकी जिथून निघतात तिथं. मायनं अडवलं नाही. फक्त गावात कोणी विचारलं की ती "हाफिसात हाय" एवढंच सांगायची, कसलं ऑफिस ते नाही.

हैदराबादेत मी आधी अमीरपेटला हॉस्टेलवर राहिले. दह्याला पेरुगु म्हणायचं शिकले, आणि रिक्षावाल्याच्या तोंडी "नक्को" ऐकलं तेव्हा इतकं घरचं वाटलं की त्यानं सांगितलं तेवढं भाडं देऊन टाकलं. माय सोबत असती तर म्हणाली असती, म्हणूनच तो तसं बोलतो. लग्न झालं, नवरा नांदेडचा, मग अपार्टमेंट, लिफ्ट, खाली वॉचमन अन्ना. ओटीपी विचारणारे फोन आले तर मी त्यांचीच उलटतपासणी घेते. शेजारच्या बायका पाणी शुद्ध करायची मशीन विकणाऱ्याला घरात घेतात, चहा देतात. मी त्याच्याशी दाराच्या साखळीतून बोलते. नवरा हसतो. म्हणतो, तुमच्या तळ्यात मासे का नाहीत ते कळलं, तुम्ही त्यांनाही आत येऊ दिलं नसेल.

ऑफिसात नवीन कोणी आलं की विचारतं, नेटिव्ह कुठलं? लोणार म्हटलं की डोळे मोठे होतात. "ओह, तो क्रेटर लेक!" कुणी फोटोत पाहिलेला असतो, कुणाच्या पोराच्या पुस्तकात असतो. मग म्हणतात, किती लकी तुम्ही, असल्या ठिकाणी वाढलात. मला त्या कौतुकाचा पहिल्यापासून संशय. ज्यांना आमचं तळं माहीत आहे, त्यांना त्याच्या काठावर माणसं राहतात आणि ती काही तरी पेरून खातात, हे माहीत नसतं. फोटो वरून काढलेला असतो. वरून शेत दिसतं ते नुसती किनार म्हणून.

माझं काम उगवण तपासायचं. ट्रेमध्ये ओली वाळू, त्यात ओळीनं दाणे, ठरलेली ऊब, ठरलेलं पाणी, आणि मग किती उगवले ते बघायचं. मी ते काम चोख करत आले. पण हळूहळू लक्षात आलं की आमच्या ट्रेमध्ये वारा नाही, ढग नाहीत, अळी नाही, बाजार नाही. आम्ही देतो तो दाखला खरा असतो, पण ट्रेपुरता. शेताबद्दल तो काहीच बोलत नाही, आणि घेणारा मात्र त्यात शेतच वाचतो. हे मी मायला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मंग मी काय म्हनत होतो?

त्याच वर्षांत आपल्या भागातून शेतकऱ्यांच्या वाईट बातम्या यायला लागल्या. तुम्हाला माहीत आहेत, मी पुन्हा उगाळत नाही. एवढं मात्र सांगते. सुट्टीत घरी गेले तेव्हा फवारणीच्या औषधाचा डबा गोठ्यातल्या फळीवर नव्हता. विचारलं तर माय बोलली नाही. बाबा बाहेर गेल्यावर म्हणाली, ठेवला हाय. आमच्या गल्लीत त्या काळात प्रत्येक घरच्या बाईनं डबा हलवला होता. कुणी शेजारणीकडं, कुणी माहेरी, कुणी कडब्याच्या गंजीत. एकमेकींना जागा सांगत नव्हत्या. मी म्हटलं, माय, बाबा तर दिवसभर हसत असतात. ती म्हणाली, "म्हनूनच तं." मी जिला आजवर खडूस समजत आले, ती रोज संध्याकाळी बाबा तळ्यावरून वर येईपर्यंत दारात उभी राहायची, आणि ते आले की काहीतरी निमित्त काढून त्यांच्यावर ओरडायची.

मग गुलाबी अळी आली. बीटीच्या पऱ्हाटीला बोंडअळी लागत नाही, असं सगळ्यांनी इतकी वर्षं ऐकलं होतं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक. फोडलं की आत सडका कापूस आणि त्यात ती आरामात बसलेली, नखाएवढी, गुलाबी. बाबांच्या मोबाईलवरून मायनं फोन केला. खुशाली नाही, 'जेवलीस का' नाही. म्हणाली, "तुमची अळी आली."

तुमची. मी फोन धरून लॅबच्या जिन्यात उभी राहिले. मला फार लागलं ते. आजवर ती 'ते लोक' म्हणायची, कंपनीवाले, दुकानदार, बाटल्यावाले. आता मी त्यांच्यात गेले होते. मी तिला विचारलं, माय, मी काय अळी पाठवली का? ती म्हणाली, "कोन पाठवते ते तुमाले माहीत." आणि फोन बाबांकडं दिला. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. तिनं मला पुन्हा आपल्या बाजूला मोजावं. नोकरी सोडावी असं नाही, भांडण मिटवावं असंही नाही. फक्त बांधाच्या ह्या अंगाला मला उभं राहू द्यावं.

त्या वेळी दुकानातली औषधं फवारून फवारून लोक थकले. काही डब्यांत नुसतंच पाणी असतं, अशी कुजबूज होती. मायनं तर सगळ्याच डब्यांना खोटं ठरवून टाकलं. आणि एक दिवस तिच्या डोक्यात आलं की जगात एकच औषध असं आहे जे कोणी खोक्यात भरत नाही, आणि ते आपल्या शेताच्या खालीच आहे. "ज्या पान्यात मासोळी जगत नाही," ती फोनवर म्हणाली, "त्यात अळी कायची जगते?"

तिनं परीक्षाही घेतली. बोंडं फोडून अळ्या डबीत भरल्या, तळ्यावर उतरली, लोट्यात तळ्याचं पाणी घेतलं आणि अळ्या त्यात सोडल्या. त्या मेल्या. तिला हवा तो पुरावा मिळाला.

मी घाबरून सांगितलं, "माय, पानं जळतील. ते पाणी नुसतं खारं नाही, सोड्यासारखं आहे. झाडावर मारू नको."

"कंपनीचं औषीध इकाचं हाय म्हनून नाही म्हनून राह्यली तू."

झालं. मी नको म्हटलं, म्हणून तिचा विचार पक्का झाला. मायनं आणि बाबांनी कॅन भरभरून पाणी वर आणलं, त्या चढावरून, जिथं पर्यटक रिकाम्या हातानं चढताना तीनदा बसतात. पाणी न्यायला बंदी, म्हणून बाबांनी वनखात्याच्या गार्डला बोलण्यात गुंतवलं. त्यांना दुसरं काही सुचेना तेव्हा लवणासुराची गोष्ट सांगायला लागले. तो बिचारा म्हणाला, "काका, माही ड्युटीच इथी हाय, मले काऊन सांगता?" पण ऐकत बसला.

फवारलं. आधी पानांच्या कडा तांबूस झाल्या, मग पानं चुरगळली, मग पाती, म्हणजे कळ्या, आणि कोवळी बोंडं गळली. अळीनं जे ठेवलं होतं तेही गेलं. मायनं अळीवर परीक्षा घेतली होती, झाडावर घ्यायची राहून गेली. आम्ही लॅबमध्ये करतो त्याहून तिनं वेगळं काय केलं, असं माझ्या मनात आलं. पण हे तिला सांगायला ती फोनवर येतच नव्हती. बाबा म्हणायचे, "माय बरी हाय, बोलत नाही फक्त." पुढची दोन-तीन वर्षं आम्ही दोघी बाबांच्या तोंडून बोललो. दिवाळीला मी जायची, ती वाढायची, मी जेवायची. पऱ्हाटीचं नाव कोणी काढत नव्हतं.

आणि मग तो उन्हाळा, जेव्हा सगळा देश दारं लावून घरात बसला. एका सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला: लोणारचं तळं गुलाबी. हिरवंगार रान आणि मधोमध गुलाबी थाळी. खाली शंभर जणांचे वॉव आणि हृदयं. मी पहिल्यांदा फोटोवर संशय घेतला, कोणी तरी फोनमध्ये रंग भरला असेल. बाबांना म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. ते काठावर जाऊन तिथूनच ओरडले, "हाव वं संगे, खरंच! सरबतावानी!" आणि मग हळहळले. तळं जन्मात कधी एवढं नटलं नव्हतं आणि दाखवायला एक पर्यटक नव्हता. गावातले म्हातारे म्हणत होते, दैत्याचं रक्त वर आलं. पेपरात लिहून येत होतं की उन्हानं पाणी आटलं, खार वाढला, आणि डोळ्यांना न दिसणारे जीव वाढून रंग आला.

"माय काय म्हणते?" मी विचारलं. बाबांचा आवाज उतरला. "माय शेतात जाऊन नाही राह्यली. पेरनी तोंडावर आली, बियानं आनू देत नाही. जमीन पडीक राहू दे म्हन्ते."

हे ऐकून मी हादरले. माय चिडली तरी पेरते, तापात पेरते, शिव्या देत पेरते. तिनं न पेरलेलं वर्ष मला आठवत नाही. बस बंद, रेल्वे बंद, जिल्ह्याच्या सीमेवर पोलीस. मी हैदराबादच्या बाल्कनीत उभी राहून वॉचमन अन्नाला रिकामा रस्ता झाडताना बघत होते, आणि काही करता येत नव्हतं.

तिचाच फोन आला, भर दुपारी. मायला फोनचं मोठं वावडं, मधे कोणी तरी बसून ऐकतं असं ती मानते. बाबांचा डोळा लागल्यावर मोबाईल उचलून ती शेताच्या वाटेवर गेली होती.

"संगे, एकटी हायेस?"

"हो."

"ते तळं माह्यानं झालं गुलाबी."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. त्या वर्षी अळ्या मेल्यावर तिनं तो लोटा तिथंच तळ्यात ओतला होता. अळ्या गुलाबी होत्या. पोटात अंडी असतील. इतक्या वर्षांत ती वाढली. "समद्या दुनियेचं तळं, अन् मी नासवलं. आता जमीन नासवू काय?" तिचा आवाज चिरकला. जिनं जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला, तिनं तो पहिल्यांदाच स्वतःवर घेतला होता, आणि तो तिला पेलत नव्हता.

हसू आलं नाही मला. मी घाईघाईनं सांगू लागले, माय, ऊन, खार, बारीक जीव, दुसऱ्या देशांतही अशी तळी आहेत...

"कोनं सांगतलं?"

"शास्त्रज्ञांनी."

"अळी येत नाही म्हनून त्यायनंच सांगतलं होतं."

फोनमधून तिकडचे होले पक्षी घुमताना ऐकू येत होते. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलले नाही. म्हटलं, "माय, तू बसच्या पाटीवर विश्वास ठेवत नाहीस, देवाच्या गोष्टीवर ठेवत नाहीस, माझ्यावर तर नाहीच. मग एका लोट्यानं एवढं तळं रंगलं, ह्यावर कसा गं ठेवलास? तू काय लवणासुर लागून गेलीस?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "हे बी खरं हाय," ती म्हणाली. आणि लगेच, जणू मधलं काही घडलंच नाही अशा सुरात, "मंग काय पेरू?"

मला. मला विचारत होती. इतकी वर्षं बियाण्यांत काढलेली मी, माझ्या जिभेवर नावं तयार होती, वाणांची, कंपन्यांची, आमच्याच ट्रेमध्ये उत्तम उगवलेल्यांची. त्यांतल्या एकाबद्दलही मी तिच्या शेताची शपथ घेऊ शकले नसते. "मले माहीत नाही, माय," मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी मी तिच्याशी तिच्या बोलीत बोलले, आपोआप.

तिनं मोठा श्वास सोडला. "बियान्याचं असं कोनीच बोललं नोहतं आतालोक."

"मग काय पेरशील?"

"फोनवर नाही सांगत. येशीन तवा पाहजो."

बस सुरू झाल्या तशी मी गेले. दिवाळी जवळ आली होती. गल्लीत बायकांनी मला बघून पदर नाकाला लावला, एकीनं तर पोरं आत ओढली. मला वाटलं, माय तर मला गोठ्यातच ठेवणार. ती पुढं आली, माझा हात धरला आणि पाणीसुद्धा न विचारता थेट शेताकडं निघाली. तळं तोवर परत हिरवं झालं होतं. काठावर क्षणभर थांबून तिनं खाली बघितलं. "आता हे हिरवं कोनं केलं, काय माहीत," असं पुटपुटली, पण त्यात भीती नव्हती, नेहमीची तक्रार होती.

शेत बघून मी थक्क झाले. आजवर एकसारखं पऱ्हाटीचं असायचं ते शेत पट्ट्यापट्ट्यांचं झालं होतं. तूर, ज्वारी, सोयाबीन काढलेलं, मूग काढलेला, कडेला थोडी पऱ्हाटी. "हे काय गं?"

"कोनावरच भरोसा नाही," माय म्हणाली, "म्हनून समद्यायले थोडी थोडी जागा देली."

मी हसले, तीही हसली. मग बांधाजवळ एक पट्टा दिसला. वखरलेला, काडी-कचरा वेचलेला, भुसभुशीत, आणि रिकामा. त्यात काहीच पेरलं नव्हतं.

"हा काऊन मोकळा?"

मायनं माझ्याकडं बघितलं नाही. वाकून एक ढेकूळ फोडलं. "तुले इचारून पेराचा म्हनून ठेवला."

परक्या शहरात राहणारे आपण सगळे एकमेकांना विचारत असतो, घर म्हणजे नेमकं काय राहिलं आता? फोटोत दिसतं ते मला घर वाटत नाही, गुलाबी असो की हिरवं. त्या काठावरचा एक रिकामा पट्टा, जो माझ्या एका शब्दासाठी अडून राहिला होता, तेवढं माझं घर आहे. तिथं मला विचारतात, आणि मग माझं ऐकत नाहीत, पण विचारतात. मी तिथं उभी राहिले, डोळे पुसले आणि म्हटलं, "हरभरा लाव."

"हरभराच काऊन?" माय म्हणाली, आणि संशयानं माझ्याकडं बघितलं.